डोळ्यातला कण

गाबेसच्या लोहारआळीत चाळीस वर्षं खजुरावर चढणाऱ्यांचे कोयते घडवणाऱ्या लझरला जगातल्या निम्म्या माणसांची कीव यायची आणि उरलेल्यांची शिसारी. जावई नजीब दुसऱ्या गटातला. या गृहस्थाने आयुष्यात एक खिळा सरळ ठोकला नव्हता. पण सासऱ्याचा उजवा हात थरथरायला लागल्यापासून भट्टीच्या जागी मोबाइलचं दुकान टाकायचं त्याच्या मनाने घेतलं होतं.

"काका, पार्किन्सनमध्ये मेंदूत लोखंड साचतं, डॉक्टरच म्हणाले. भट्टीचीच करणी ती. डोक्याच्या फोटोत निघालं की भट्टी बंद. कबूल?"

"कबूल. आणि नाही निघालं तर माझा उंबरा ओलांडायचा नाही. कबूल?"

म्हणून दोघे स्फाक्स शहरातल्या इस्पितळात आले. डोक्याचा फोटो काढणारं चुंबकाचं यंत्र लझरने दारातूनच पाहिलं. पांढरं, गुळगुळीत, पोटात भोक. एवढ्या धातूत गावभर कोयते झाले असते, आणि यांनी काय केलं, तर भोक.

यंत्र चालवणारी रफिका कागद घेऊन आली. "काका, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?"

"नाही."

आळीची रीतच तशी होती. डोळ्यात कण गेला की शेजारचा लोहार घोड्याच्या केसाने तो काढायचा, ऐरणीवर तीन घाव घालायचा आणि विषय संपायचा. पुन्हा नाव काढलं की दुसरा कण येतो म्हणत.

रफिकाने कागद खाली ठेवला. "माझे वडीलही लोहार होते. डोळ्यात कण न गेलेला लोहार मी अजून पाहिलेला नाही. तुम्ही बहुतेक तयार कोयते आणून विकत असाल."

"तयार आणून? मी?" लझर उसळला. "अगं ए, डाव्या डोळ्यात सात गेलेत! उजव्यातले तर मोजलेसुद्धा नाहीत!"

"मग आधी क्ष-किरण," ती शांतपणे म्हणाली.

उजव्या बुबुळामागे ठिपका दिसला. "हा आतच राहिलाय. चुंबकाने हलला असता तर डोळा गेला असता. तुम्हाला यंत्रात घालता येणार नाही."

"मग पैजेचं काय?" नजीब म्हणाला.

डॉक्टरांनी लझरला चालायला लावलं. उजवा हात अंगाला चिकटल्यासारखा लोंबत राहिला. अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, तर प्रत्येक वेळी बोट थोडं कमी उघडलं.

"फोटोने मदत झाली असती, पण आजार तोच आहे," डॉक्टर म्हणाले.

नजीबचा चेहरा उजळला. "म्हणजे भट्टी बंद!"

"कशासाठी? ते लोखंड शरीराचंच असतं. तिथं जास्त का साचतं, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. भट्टीवर आळ घ्यायला माझ्याकडे काही नाही. गोळ्या घ्या, झेपेल तोवर हातोडा चालवा. थोडं लोखंड तर सगळ्यांच्याच मेंदूत असतं. तुमच्याही."

"याच्या?" लझर म्हणाला. "डॉक्टर, आधी तिथं मेंदू आहे का बघा."

दुसऱ्या दिवशी नजीब उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. लझरने त्याच्याकडे पाहिलंही नाही. भट्टी पेटवली, हातोडा उचलला. काल कणाचं नाव काढलं होतं, आता दुसरा येऊ नये म्हणून तीन घाव घालणं भाग होतं. दोन बरोबर बसले. तिसरा ऐरणीच्या कडेवरून घसरला.

लझरने दात खाल्ले, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि तिसरा घाव पुन्हा घातला.