बरणीतली माता

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या मांडीवर काचेची बरणी, बरणीत तपकिरी पाणी आणि वर तरंगणारी जाड, पांढुरकी साय. व्यासपीठावरून बरणीबाबा गरजले, "ही जिवंत माता आहे! मन शुद्ध असेल तर आठ दिवसांत हिला लेक होते. पाप्याच्या घरात ती मरते. हिचं पाणी प्या, गोळ्या फेकून द्या!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. शेजारी बसलेली माझी आईही टाळ्या पिटत होती. तिने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्याला बारा दिवस झाले होते आणि पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत चालली होती.

माझं डोकंच फिरलं. पीएच.डी. झाल्यावरही तीन वर्षं मी प्रयोगशाळेत हेच तपासतेय, की दोन जातींचे सूक्ष्मजीव एकमेकांच्या आधाराने कसे जगतात. घरी आल्यावर म्हटलं, "आई, हा नुसता गोड काळा चहा आहे गं. त्यातलं यीस्ट साखरेची दारू करतं. जिवाणू त्या दारूचं आम्ल करतात आणि वर साय विणतात. त्या आम्लामुळे बाकीचे जंतू फिरकत नाहीत. दोघांचा संसार आहे तो!"

"तुझं शिक्षण अजून चालूच आहे," आई म्हणाली. "बाबांचं केव्हाच संपलंय."



आईच्या सायीचे दोन तुकडे करून मी सारख्याच चहाच्या दोन बरण्या भरल्या. एकीपुढे आईने रोज हात जोडले. दुसरीला मी रोज शिव्या घातल्या, त्याही अगदी मनापासून. नवव्या दिवशी दोन्हींवर नवी साय आली. माझी तर जरा जाडच होती.

"बघ!" मी ओरडले.

आईचे डोळे भरून आले. "तुझ्याही अंगात शक्ती आहे गं!"

मी कपाळावर हात मारून घेतला. तोवर आईच्या पायाचा अंगठा काळा पडायला लागला होता.

त्याच दुपारी शेजारच्या काकू रडत आल्या. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं एकटीने करणारी ही बाई. तिच्या बरणीतली माता तीनदा मेली म्हणून बाबांनी तिला भर सभेत पापी ठरवलं होतं.

"काकू, चहा कसा ओतता?"

"कसा म्हणजे? वाफाळता!"

"पण बरणीसोबत बाबांनी दिलेल्या चिठ्ठीत 'गार करून' लिहिलंय ना?"

"लिहिलंय गं. पण मातेला गार चहा द्यायला मन होत नाही."

"अहो, उकळत्या चहाने ते जीव मरतात! बाबांना ते पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर चिठ्ठीत तसं लिहिलंय. ज्याची साय मरेल तो पापी, म्हणजे बाबा कधी खोटे पडायलाच नकोत."

आईने काकूंकडे पाहिलं. "म्हणजे जिने सगळ्यांत जास्त माया केली, तीच पापी ठरली?" मग हळूच म्हणाली, "माझ्या गोळ्या कुठे आहेत?"

गोळ्या सुरू झाल्या. अंगठा मात्र कापावा लागला.

सभागृह अजूनही भरतं. तुमच्या घरी अशी बरणी असेल, तर त्या सायीला पाप-पुण्य कळत नाही एवढं ध्यानात ठेवा. आणि कुणी गोळ्या फेकायला सांगितलं, तर आधी डॉक्टरांना विचारा. माझ्या आईने विचारलं नाही.