पाइनपाशी डावं वळण

वेलुवे या डच माळरानावरच्या त्या गावात पन्नाशीच्या आतला क्वचितच कुणी असेल, ज्याला फेन्नाबाईंनी शाळेत शिकवताना सायकलच्या परीक्षेला बसवलं नाही. मुलांनी गावभर सायकल चालवून दाखवायची, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळं जाकीट घातलेलं कुणीतरी उभं, आणि वळण्याआधी हात बाहेर काढला नाही की खेळ खलास. बाई तिथे कुणाच्या बापाचं ऐकत नसत. महापौराच्या मुलीलाही त्यांनी नापास केलं होतं. तेव्हापासून महापौराची बायको बाजारात त्यांना बघून मान फिरवायची, आणि बाईंना त्याचं काडीचंही दुःख नव्हतं. "नियम म्हणजे नियम," एवढंच त्या म्हणत.

आता सदुसष्टाव्या वर्षी त्या स्वतःच्याच नियमात अडकल्या होत्या.

गावच्या सायकल मंडळाची मोठी फेरी ऑगस्ट संपता संपता निघते, माळावरची हेदरची झुडपं फुलून जांभळी झाली की. आधी तो माळ, मग उडत्या वाळूचं मोकळं मैदान, मग जंगल. जाड टायरच्या, वाकड्या हँडलच्या ग्रॅव्हल सायकली घेऊन जायचं आणि वाळू पाय न टेकता पार करायची. सलग दोन वर्षं ज्याचा पाय टेकेल त्याने मुकाट्याने रुलीच्या गटात जायचं. रुलीचा गट म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या सायकली, पुढे टोपल्या आणि डांबरी वाटेने गप्पा मारत जंगलापर्यंत. हा नियम मंडळाच्या सभेत मांडला होता कुणी? फेन्नाबाईंनी. तेव्हा त्यांचे गुडघे धड होते आणि जीभ धारदार.

गेल्या वर्षी त्यांचा पाय टेकला. वाळूच्या मधोमध एकच पाइनचं झाड आहे, वाट त्याला डावा वळसा घालून जंगलाकडे जाते, नेमका तिथे. लोकांना त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. खरं कारण वेगळंच होतं. वळण आलं आणि बाईंचा डावा हात आपसूक बाहेर गेला. मागे गाडी नाही, पुढे माणूस नाही, झाडावर एक डोमकावळा तेवढा होता. त्याला इशारा करून बाई वाळूत बसल्या.

रुली त्यांची जिवाभावाची मैत्रीण, पण तिच्या गटात जायची कल्पनाही बाईंना सहन होत नसे. नवरा गेल्यानंतर ही एकच गोष्ट त्यांना सकाळी अंथरुणातून बाहेर काढायची. चिखलात, खडीत, मुळांवरून धडधडत जायचं आणि घरी येताना पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन यायचं. तो पट्टा त्यांना फार आवडे. डांबरी वाटेवर तो कुठला मिळायला?

म्हणून हिवाळाभर त्यांनी जंगलात, लाकडाच्या ओंडक्यांच्या आड सराव केला. डावीकडे वळायचं आणि दोन्ही हात हँडलवरच ठेवायचे. वाटतं तितकं सोपं नव्हतं. हात उठायचाच. एकदा त्या स्वतःच्याच हातावर खेकसल्या आणि कुत्रा फिरवायला आलेल्या बाईने वाट बदलली.

फेरीच्या दिवशी माळावर मधमाश्यांचा नुसता गजर होता. मेंढ्यांनी वाट अडवली तेव्हा सगळे थांबले. मंडळाचा म्होरक्या एव्हर्ट बाईंच्या शेजारी आला. पन्नाशीला टेकलेला, दाढीवाला, लाकडाच्या वखारीचा मालक. त्यालाही बाईंनी अकराव्या वर्षी परीक्षेत नापास केलं होतं, हात दाखवला नाही म्हणून, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे.

"बाई, रुलीने तुमच्यासाठी टोपली बघून ठेवलीय. पुढे फुलं लावलेली."

"बरं झालं. तुझ्या तोंडात बसेल का ती?"

"नाही, पण बॅटरीची सवय लागते म्हणतात. छान झोप लागते."

"एव्हर्ट, तू चौथीत पण इतकंच बोलायचास. आणि तेव्हाही मुद्द्याचं काही नसायचं."

तो हसला, पण मेंढ्या सरकल्यावर हळूच म्हणाला, "वाळूत मी तुमच्या पुढे राहतो. माझ्या चाकोरीतून या. दाबलेल्या वाळूत चाक कमी रुततं."

बाईंना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली. पोरगा मनाने चांगलाच होता, परीक्षेत नापास झाला म्हणून काय.

वाळूच्या तोंडाशी सगळ्यांनी टायरमधली थोडी हवा सोडली. बाकीचे एकामागोमाग गेले. कुणी पार झाले, दोघे मध्येच पाय टेकून शिव्या घालत उभे राहिले. शेवटी एव्हर्ट निघाला आणि त्याच्यामागे थोडं अंतर ठेवून बाई.

वाळू कोरडी होती, पिठासारखी. बाईंनी हात सैल ठेवले, नजर लांब ठेवली, पाय फिरवत ठेवले. चाक डुलत होतं, डुलू दे म्हणाल्या. एव्हर्टची चाकोरी समोर सरळ जात होती. गुडघा कुरकुरला, त्याला त्यांनी दाद दिली नाही. पाइनचं झाड जवळ आलं.

आणि एव्हर्टचा डावा हात सरळ, खांद्याच्या रेषेत, पंजा उघडा, असा बाहेर आला. अगदी शिकवल्याप्रमाणे. मागे बाई होत्या ना.

त्याचं पुढचं चाक आडवं फिरलं, सायकल थांबली आणि तो दाढीसकट वाळूत गेला. सायकल चाकोरीवर आडवी.

बाईंकडे विचार करायला वेळ नव्हता. चाकोरी बंद. उजव्या अंगाला नुसती भुसभुशीत, कुणी न तुडवलेली वाळू. त्यांनी सायकल तिकडे घातली. चाक रुतलं, निघालं, पुन्हा रुतलं. आता वळायचं होतं आणि डावा हात उठायला लागला. साठ वर्षांची सवय ती, नुसत्या दटावण्याने ऐकते थोडीच. बाईंनी बोटं हँडलभोवती आवळली आणि स्वतःशीच मोठ्याने म्हणाल्या, "खाली बस."

हात बसला. सायकल वळली. झाड मागे गेलं, वाळू पातळ होत गेली आणि टायरखाली पाइनच्या काटक्या कुरकुरल्या. जंगल आलं होतं.

रुली थर्मास आणि सफरचंदाच्या टार्टचा डबा मांडून बसली होती. बाईंनी तिथे पोचून पहिल्यांदा पाय टेकला. त्यांना हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, आणि दोन्ही त्यांनी येऊ दिलं. आयुष्यात इतकं बरं त्यांना फार कमी वेळा वाटलं होतं.

"म्हणजे माझ्या गटात तू काही येत नाहीस," रुली म्हणाली.

"यंदा तर नाहीच गं."

"जा मेले. टोपली तशीच पडून राहणार." आणि तिने कॉफी ओतली. एरवी एकेक तुकडा दिला की रुली डब्याचं झाकण लावते. त्या दिवशी तिने ते गवतात टाकून दिलं.

एव्हर्ट सायकल ढकलत आला. दाढीतून वाळू गळत होती. रुलीच्या गटातून आलेल्या त्याच्या बायकोने पुढे केलेली कॉफी त्याने घेतली नाही. तो सरळ बाईंच्या समोर येऊन उभा राहिला.

"बाई, मी पाहिलं. पाइनपाशी तुम्ही हात दाखवला नाहीत."

बाईंनी तोंडातला घास नीट चावून संपवला. मग सांडलेला चुरा झटकत त्या म्हणाल्या, "नाही दाखवला. कर नापास."

एव्हर्टने वाळूने माखलेल्या हाताने डब्यातला सगळ्यात मोठा तुकडा उचलला आणि त्यांच्या ताटलीत ठेवला.