आडोशाचं पान

आधीच सांगून टाकतो, मी शेतातली कपाशी नव्हे. मी देवकापूस बोलतोय, मारेगावजवळच्या एका खेड्यातल्या अंगणातला. माझा कापूस जिनिंगवर जात नाही, माझ्यावर कुणी भाव बोलत नाही. देवापुढच्या वातींपुरता कापूस द्यायचा आणि एरवी न्हाणीच्या भिंतीला लागून गुमान उभं राहायचं, एवढंच माझं काम. त्यामुळे बघायला मला वेळ भरपूर मिळाला. जे बघितलं ते गोड नाही, तेव्हा गोड बोलायला मला सांगू नका.

मला रुखमाबाईंनी रुजवलं. त्या गेल्या आणि मी त्यांच्या सुनेच्या, बेबीताईच्या वाट्याला आलो. बेबीताई हौशी बाई. पण त्या घरात तिच्याशी बोलणार कोण? मुलगा रजत नोकरीला पुण्यात. नवरा भगवानराव माणूस वाईट नाही, पण तोंड उघडलं की कपाशीच बाहेर पडायची. पाणी पडलं का, पाती गळाली का, अळी दिसली का. बायकोची तब्येत त्यांनी कधी विचारली असेल तर ती माझ्यासमोर तरी नाही.

मग रजतनं आपला जुना मोबाइल आईला देऊन टाकला. भाची निकिता सुट्टीत आली होती, तिनं फेसबुकवरच्या एका ग्रुपमध्ये मामीचं नाव घातलं. ग्रुपचं नाव ‘अंगणातले सोबती’. कुठकुठली माणसं होती त्यात! पुण्याच्या एक निवृत्त शिक्षिका, नाशिकचे मोठ्या कॅमेऱ्याचे काका, ठाण्याची एक मुलगी, नागपूरचे एक डोळ्यांचे डॉक्टर. आपल्या बाल्कनीत, परसात, गच्चीवर जे काही उडतं, सरपटतं, फुलतं, त्याचे फोटो टाकायचे आणि एकमेकांचं कौतुक करायचं.

बेबीताईनं पहिल्यांदा माझ्या बुंध्यावरचा सरडा टाकला. लोकांनी असा काही गजर केला की तो सरडा नसून नवरदेव असावा. नंतर तिनं बेडूक टाकला, जास्वंदीवरचं फुलपाखरू टाकलं. कुंपणावर भारद्वाज येऊन बसला तो टाकला, तर शंभर जणांनी लिहिलं, ‘दर्शन झालं, दिवस शुभ जाणार!’ बेबीताई ते मोठ्यानं वाचायची, एकेक अक्षर लावून, आणि एकटीच हसायची. खोटं कशाला बोलू, तिला हसताना बघून मलाही बरं वाटायचं.

पुण्याच्या बाईंनी लिहिलं, ‘बेबीताई, तुमचं अंगण म्हणजे स्वर्ग आहे.’ आता त्या स्वर्गात न्हाणीचं पाणी तुंबायचं आणि डासांनी जीव नकोसा व्हायचा. पण ते फोटोत येत नाही. बेबीताईलाही हळूहळू कळलं, फोटोत काय येऊ द्यायचं नाही ते. भिंतीला टेकवलेला फवारणीचा पंप ती आधी उचलून मागे ठेवायची, औषधाचे डबे बाजेखाली सरकवायची आणि मगच मोबाइल काढायची.

सन दोन हजार सतराचा पोळा होऊन गेला होता. एक शिंपीण माझ्या फांद्यांत येऊन बसली. केवढीशी ती! शेपटी वर, डोक्यावर तांबूस टोपी, आणि आवाज मात्र अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा. तिनं माझी दोन पानं निवडली, चोचीनं कडांना भोकं पाडली, माझ्याच फुटलेल्या बोंडातले धागे ओढून आणले आणि पानाला पान शिवून टाकलं. आत माझाच कापूस अंथरला. वरच्या फांदीचं एक रुंद पान त्या खोप्यावर झुकलेलं होतं, त्याचा आडोसा झाला. देवापुढे जळून जाण्याखेरीज माझ्या कापसाचा दुसरा काही उपयोग होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मला फार अभिमान वाटला.

बेबीताईनं खोपा शोधला, अंडी पाहिली आणि ग्रुपला सांगितलं. झालं, सगळे त्या खोप्याचे काका-मामा-मावश्या होऊन बसले. सकाळी उठून पहिली चौकशी तीच. पिल्लं निघाली तेव्हा ठाण्याच्या मुलीनं पेढ्यांचं चित्र टाकलं. पण फोटोत पिल्लं दिसेनात, नुसतं पानच दिसायचं. नाशिकच्या काकांनी लिहिलं, ‘ताई, ते वरचं पान जरा दूर करा ना. फ्रेम खराब होते.’

बेबीताई माझ्यापाशी येऊन उभी राहिली. पानाला हात लावला आणि काढून घेतला.

“राहू दे बापा,” ती शिंपिणीला म्हणाली. “तुह्या लेकरायवर पदर हाय तो.”

तेव्हा ती शहाणी होती.

त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. अळी हटत नव्हती म्हणून शिवारभर फवारणी चालली होती. भगवानरावांच्या शेतात फवारायला तांड्यावरचा धावजी यायचा. सकाळी आमच्या अंगणातून पंप घेऊन जाताना माझ्याजवळ उभा राहायचा, शिंपिणीकडे बघून शीळ घालायचा. तोंडाला एक रुमाल, बाकी अंगावर साधा सदरा. कपाशीच उंच, मग फवारा जाणार कुठं? त्याच्या तोंडावरच यायचा.

एका दुपारी त्याला दोघांनी मोटरसायकलवर मधे धरून आणलं. माझ्या सावलीतल्या बाजेवर टाकलं. तो ओकत होता आणि डोळे चोळत होता. “काईच दिसून नाई राह्यलं,” एवढंच परत परत म्हणत होता. भगवानराव घाबरून गाडी शोधायला धावले. बेबीताईनं त्याच्या डोळ्यांवर पाण्याचे हबके मारले. मग त्याला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

जीव वाचला. नजर मात्र परतेना. काही दिवसांनी त्याची बायको लालीबाई अंगणात येऊन बसली.

“भाभी, डागदर म्हन्ते, डोळ्याच्या मोठ्या डागदराले दाखवा लवकर. उशीर झाला तं मंग काई नाई होनार. आता कोनाले दाखवू? कुठी जाऊ? मले तं काईच समजून नाई राह्यलं.”

बेबीताईचा चेहरा उजळला. “अवं, माह्या ग्रुपात हायेत ना डॉक्टर! नागपूरचे, डोळ्याचेच. रोज फुलपाखराचे फोटो टाकतात. चांगले मानसं हायेत समदे. मी लिहितो आजच.”

“लिहसान ना भाभी?”

“लिहितो म्हन्लं ना. तू काळजी नोको करू.”

लालीबाई गेली. बेबीताई ओट्यावर बसली आणि तिनं बोट लावून लावून लिहिलं. आमच्या शेतात फवारणी करणाऱ्या धावजीला विषबाधा झाली, डोळ्यांना दिसत नाही, डॉक्टरसाहेब, तुम्ही बघाल का, घरात दोन लहान लेकरं आहेत. आयुष्यात एवढं लांब तिनं कधी लिहिलं नव्हतं. वाचून दाखवायला कुणी नव्हतं म्हणून तिनं ते मलाच वाचून दाखवलं, आणि पाठवलं.

दोघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मग मोबाइल पुन्हा वाजला. ग्रुप चालवणाऱ्या साहेबांनी तिचा मजकूर काढून टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘बेबीताई, जगात दुःख आहेच. पण हा ग्रुप मन प्रसन्न ठेवण्यासाठी आहे. इथे फक्त निसर्ग. कृपया नियम पाळावेत.’ त्याखाली पुण्याच्या बाई, ज्यांना आमचं अंगण स्वर्ग वाटायचं. ‘खरं आहे. सकाळी सकाळी वाचून कसंतरीच झालं.’

मला तेव्हा वाटलं, ही आता काहीतरी बोलेल. निदान त्या डॉक्टरांना वेगळं विचारेल. पण बेबीताईचे कान लाल झाले होते. चारचौघांत पदर घसरावा तशी ती गोरीमोरी झाली होती. तिनं लिहिलं, ‘माफ करा. चूक झाली.’

लगेच ठाण्याच्या मुलीचं आलं. ‘असू दे हो ताई! पिल्लांचा छान फोटो टाका, सगळ्यांचा मूड एकदम बदलेल.’

बेबीताई आत गेली आणि कातर घेऊन आली.

या वेळी तिचा हात थांबला नाही. आडोशाचं पान तिनं देठातून कापलं, बाजूची फांदी चिंधीनं मागे ओढून बांधली. शिंपीण डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. कापल्याचं मला काही नाही, माझी पानं रोजच गळतात. पण लख्ख ऊन थेट खोप्यात पडलं आणि पिल्लांना वाटलं आईच आली, त्यांनी माना वर करून चोची उघडल्या. चार पिवळ्या चोची. नेमका तोच फोटो निघाला.

असा फोटो ग्रुपमध्ये कुणी कधी टाकला नव्हता म्हणे. मोबाइल वाजायचा थांबेना. नागपूरच्या डॉक्टरांनी लिहिलं, ‘वा! डोळ्यांचं पारणं फिटलं.’ डॉक्टर होते तर! सगळं वाचत होते तर! बेबीताई त्या ओळीवर बराच वेळ थांबली. मग तिनं त्यांनाही सगळ्यांसारखंच ‘धन्यवाद’ लिहिलं. धावजीबद्दल विचारायची हिंमत ती माफी मागतानाच घालवून बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती चुलीशी बसून उरलेल्यांना धन्यवाद देत होती, तेव्हा भारद्वाज भिंतीवरून चालत आला. हो, तोच, शुभ दर्शनाचा. त्याला मी दोष देत नाही. त्याला भूक होती आणि त्याच्यासमोर उघडं ताट होतं. शिंपीण त्याच्या डोक्यावर झेपा घेत राहिली, पण त्याच्यापुढे तिची ताकद ती काय! मी झाड. मला पान हलवायलासुद्धा वारा लागतो. आणि ते पान तर खाली वाळत पडलं होतं.

ओरडा ऐकून बेबीताई धावत आली तेव्हा खोपा फाटून लोंबत होता, कापूस बाहेर आला होता. तिनं लोंबणारी पानं हातांनी जुळवून पाहिली.

गोठ्यातून भगवानरावांनी विचारलं, “काय झालं वं?”

“काई नाई.”

‘पिल्लं कशी आहेत?’ ग्रुपवर विचारणा सुरू झाली. एक दिवस तिनं मोबाइल उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभं राहून तिनं लिहिलं, ‘उडाली.’ लोकांनी फुगे सोडले, अभिनंदन केलं, आजी झाल्याचे पेढे मागितले. तिनं काढलेला तो चोचींचा फोटो महिनाभर ग्रुपच्या माथ्यावर राहिला.

दिवाळीनंतर लालीबाई परत आली. धावजीचा हात धरून आली. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्यानं नुसता उजेड कळत होता. त्याला तिनं माझ्या सावलीत बसवलं. तिथे शिंपीण नव्हती आणि त्यानं शीळही घातली नाही.

“भाभी, त्या तुमच्या लोकायले लिहिलं होतं ना तुम्ही? डागदर काई बोल्ले काय?”

मला वाटलं, आता बेबीताई आणखी एकदा खोटं बोलणार. एकदा जमलं की सोपं जातं. पण तिनं धावजीकडे पाहिलं आणि तिच्यानं ते झालं नाही.

“लिहिलं होतं वं लाली. त्याईनं काढून टाकलं. मंग मी माफी मागतली.”

“तुम्ही? तुम्ही कायले माफी मागतली?”

“धावजीचं नाव घेतलं म्हून.”

लालीबाईला ते समजायला थोडा वेळ लागला. ती रागावली असती तर बेबीताईला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. तिनं नवऱ्याला उठवलं, “चाला, पायरी हाय समोर, जपून,” एवढंच म्हणाली आणि दोघं फाटकाबाहेर गेली. बेबीताई चहा ठेवते म्हणत होती, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही.

शेतातली बोंडं गुलाबी अळीनं पोखरली. भगवानराव पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायला लागलेत. “अंगनातलाबी काढून टाकतो,” काल ते म्हणाले, “अळी अशातच लपते.” बेबीताईनं नको म्हटलं नाही. तिला माझ्याकडे बघवत नाही, आणि मलाही आता इथं उभं राहायची फारशी हौस उरलेली नाही.

आज सकाळी निकितानं मामीला एक चित्र पाठवलं. तोच फोटो, वर गुलाबी अक्षरांत ‘शुभ सकाळ, आयुष्य सुंदर आहे’ असं लिहिलेलं. कुणीतरी अक्षरं घातली, कुणीतरी पुढे पाठवला, आणि गावोगाव फिरून तो घरी परत आला. बेबीताईनं मोबाइल पालथा ठेवला आणि ती कामाला लागली.

तो फोटो तुमच्याकडेही आला असेल, नाहीतर येईल. चार पिवळ्या चोची, वर वासलेल्या, लख्ख उजेडात. जाता जाता माझं एवढं ऐका, पुढे पाठवू नका. ती उडाली नाहीत. आणि मारेगावच्या बाजूला एक माणूस अजून डोळ्यांच्या डॉक्टरची वाट बघतोय.