गेणबाच्या गळावरची चिलापी

मी चिलापी बोलतेय. बोटभर लांब मासळी, दौंडजवळच्या भीमेतली. पाठीवर भोक आहे. ते कसं पडलं ते सांगते. का पडलं, ते मला अजून कळलेलं नाही.

लहानपणी आईनं मला तोंडात धरून वाढवलं. आम्हा चिलाप्यांची रीतच ती. त्यामुळे तोंडात घेणं म्हणजे माया, अशीच माझी समजूत.

त्या रविवारी हौसरावांनी मला जाळीत धरून बादलीत टाकलं. हे नदीकाठचे ऊसवाले, गळ टाकण्यात मुरलेले. सोबत गेणबा, रेल्वेचा रिटायर गँगमन. त्याच्या बायकोचं, सखूबाईचं, पोटाचं ऑपरेशन झालेलं. महिना झाला, बाई नीट जेवतच नव्हती. "मरळीचा रस्सा आसता तर दोन घोट घेतलं आसतं," एवढंच एकदा बोलली होती. म्हणून गेणबा आयुष्यात पहिल्यांदा मासे धरायला आलेला. मरळ, ती दातांची मोठी मासळी, जिवंत माशाला भुलते म्हणे. तो जिवंत मासा मी!

हौसरावांनी माझ्या पाठीत गळ टोचला. आई गं! गेणबानं लगेच खिशातली पुडी काढून जखमेवर भंडारा लावला.

"आप्पा, कोकराला लागलं की आमचा म्हातारा ह्येच करायचा." तो हौसरावांना म्हणाला. त्याच्या बापाची मेंढरं होती ना.

मग मला पाण्यात सोडलं. जरा लांब गेले की ओढून पुन्हा बादलीत. ताजं पाणी, पिठाची गोळी, की परत नदीत. दुपार कलली तरी मरळीचा पत्ता नाही. हा माणूस मला मारतोय की पाळतोय, मला काही उमजेना. हौसराव तंबाखू मळून मळून वैतागले.

"गेणबा, मासा धराया आलायस का मासा राखाया? जाऊ दे की तिला लांब!"

"दमलीया ओ आप्पा. इसावा घिऊ द्या जरा."

ऊन उतरलं तेव्हा शेवाळातून एक काळं तोंड वर आलं. मरळ! तिनं जबडा उघडला आणि खरं सांगू, मला आई आठवली. मी पळालेच नाही.

"वढू नगं! गिळू दे तिला!" हौसराव ओरडले.

पण गेणबाच्या तोंडून "हाड! हाड!" निघालं, लांडग्याला हाकलतात तसं. त्यानं मला तिच्या दातांतून खेचून काढलं. मरळ गेली. हौसरावांनी टोपी आपटली. गेणबा मला ओंजळीत घेऊन रडायलाच लागला. "आता सखूला काय सांगू ओ?" मला वाचवलं त्यानंच, मग रडतो कशाला?

माझ्या पाठीतला गळ काढून त्यानं मला बादलीतून घरी नेलं आणि सगळं सांगितलं. सखूबाई पोट धरून हसली, टाके दुखेपर्यंत. "आवं, लांडगा न्हवं त्यो, माझं कालवण व्हतं!" मग तिनं भाकरी मोडली. चिमूटभर मला टाकली, मी खाल्ली. ते बघून उरलेली तिनं खाल्ली. गेणबा दारात उभा राहून डोळे पुसत होता.

आता मी त्यांच्या अंगणातल्या हौदात राहते. रोज आधी माझा घास, मग तिचा. दोघींनी अंग धरलंय. गळ मात्र हौदावरच्या खिळ्याला तसाच टांगलेला आहे. काल सखूबाई वाकून म्हणाली, "आजून बारकी हाय. चांगली मोठी हू दे." आणि हसली.

तुम्ही माणसं आहात, तुम्हाला ठाऊक असेल. मोठी झाल्यावर काय? तेवढं कुणी सांगा मला. तोवर मी जेवते, कारण मी घास घेतला नाही तर तीही घेत नाही.