पालकांची परवानगी

आमच्या रिहे गावातला वाल्मीक चार खोल्या भाड्याने देतो. भाडेकरूंची पूर्ण नावं त्याला माहीत नाहीत. 'दोन नंबरातला उंच', 'तीन नंबरातला खोकणारा' एवढीच त्याच्याकडे नोंद. मोटारसायकलची किल्ली तो मोटारसायकललाच ठेवतो. हा माणूस मार्गशीर्षातल्या एका सकाळी दूध केंद्रासमोर, पंधरा-वीस लोकांच्या देखत म्हणाला, "फोन म्हनतोय अनोळखी हाय. आपन न्हाई बा अनोळखी वस्तू घरात घेत."

ही अनोळखी वस्तू म्हणजे वैभवीने केलेलं ॲप. आणि वैभवी म्हणजे टेपावरच्या, म्हणजे टेकाडावरच्या, धनगरवाड्यातल्या तुकाबाईची नात. तुकाबाईच्या घोंगडीवर वाल्मीक स्वतः लहानाचा मोठा झाला आहे.

भाताची कापणी झाली की तुकाबाईची मेंढरं खोऱ्यातल्या शेतांत बसतात. एका शेतात एक-दोन रात्री. लेंडीखत शेताला मिळतं, पायली-दोन पायली तांदूळ तुकाबाईला. पूर्वी बांधावर उभं राहून हाक मारली की काम होई. आता निम्म्या शेतांना भिंती झाल्या आहेत, मालक शहरात, बाणेरला राहतात आणि फाटकावरचा रखवालदार "मालिक से पूछो" म्हणून खुर्चीत परत बसतो. एका उत्तरासाठी सव्वाशे मेंढरं दोन-दोन दिवस डांबरी रस्त्यावर उभी राहतात. म्हणून वैभवीने, ती कॉलेजात कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, खोऱ्यातल्या शेतांची यादी फोनवर घातली. वडाचं, तळीवरचं, पाणंदीकडचं, अशी गावातलीच नावं. मालकाने आपलं शेत मोकळं झालं की खूण करायची. कळप कुठे आहे, पाळी कुणाची, ते सगळ्यांना दिसायचं. एवढंच होतं ते.

फोनच्या अधिकृत दुकानात मात्र ते नव्हतं. दुकानाने तिच्याकडे पत्त्याचा पुरावा मागितला होता. धनगरवाड्यात घरांना नंबर नाहीत आणि विजेचं बिल सिद्धूच्या, म्हणजे तिच्या बापाच्या, वारलेल्या चुलत्याच्या नावावर येतं. गोपनीयतेचं धोरणही मागितलं होतं. मेंढरांचं. मग तिने फाइल सरळ गावाच्या ग्रुपवर टाकली. त्याच दुकानात पत्त्यांचा जुगार मिळतो, तळहाताच्या फोटोवरून आयुष्य सांगणारं यंत्र मिळतं. ही दोन्ही ओळखीची. वाल्मीकच्या फोनमध्ये ती दोन्ही होती.

यंदा घाई होती. शुक्रवारपर्यंत शेतं ठरली नाहीत तर कळप ताम्हिणी घाट उतरून कोकणात न्यावा लागणार होता, तो होळीलाच परत. सिद्धूच्या पायावरून टिपरचं चाक गेलेलं, तो प्लास्टरमध्ये. तुकाबाई सत्तरीच्या पुढची. म्हणजे बरोबर जायचं ते वैभवीने, आणि तिची परीक्षा जानेवारीत. तुकाबाईने दूध केंद्रावर साध्या आवाजात सांगितलं होतं, "पोरीला न्यावं लागंल. कालेज काय, पुढल्या साली." अशा घरातलं पुढचं साल कधी येतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी सगळे फोनकडे बघत उभे होते.

"अण्णा," वाल्मीक मला म्हणाला, "तुमी तीस वर्सं वाचनालय चालवलं. तुमी घाला आधी. तुमच्यात चाललं तर आमी घालतो."

लोक माझ्याकडे बघायला लागले की मला आपण काहीतरी चोरलं आहे असं वाटतं. मी फोन वैभवीच्या हातात दिला. तिने दोनदा बोट टेकवलं आणि थांबली. तिने मला पडदा हळूच दाखवला, पण वाल्मीकने मान पुढे घालून मोठ्यांदा वाचलं, "हे ॲप इंस्टॉल करण्यासाठी तुमच्या पालकांची परवानगी आवश्यक आहे."

दूध घालायला आलेल्या बायकासुद्धा हसल्या.

"अण्णा, आईबाप कुटं हायेत तुमचे?"

"वर," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

"मंग परवानगी वरूनच आणावी लागंल!"

वैभवीने आत जाऊन पाहिलं. माझ्या नावापुढे जन्मसाल २०१४ होतं. फोन माझ्या मुलाने, निरंजनने, दिवाळीला दिला होता आणि सगळं त्यानेच भरलं होतं. मी अकरा वर्षांचा होतो.

"म्हंजी आमच्या जुईलीच्या वर्गात," त्यांच्यातली सारजाबाई म्हणाली. "अण्णा, डबा आणलाय न्हवं?"

हसणं झालं की माणसं पांगतात. पांगताना वाल्मीकने निकाल देऊन टाकला, "त्या महागड्या फोनातबी जात न्हाई, म्हंजी कायतरी असनारच की." चूक माझ्या फोनाची, शिक्षा पोरीला. मला तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. मी किटली उचलली आणि घरी आलो.

निरंजन हिंजवडीला असतो. स्वतः प्रोग्राम लिहितो. मी फोन केला तेव्हा तो मीटिंगमधून उठून बाहेर आला.

"बाबा, ते तुमच्या सेफ्टीसाठी आहे. मागच्या वर्षी काय झालं, आठवतंय ना?"

आठवत होतं. वीज तोडणार असा एक फोन आला होता. त्या माणसाने मेसेजमध्ये आलेले सहा आकडे विचारले आणि मी ते त्याला वाचून दाखवले. स्पष्ट उच्चारात, मध्ये थांबे घेऊन. वाचनालयात तीस वर्षं म्हाताऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं, ती सवय. त्यामुळे मुलाचं अगदीच चुकत होतं असं नाही.

"पण मला अकरा वर्षांचा का केलंस?"

"त्याशिवाय कंट्रोल मिळत नाही. ॲडल्ट अकाउंटला लॉक लावताच येत नाही, सिस्टीम तशीच आहे."

"ॲप करणारी तुकाबाईची नात आहे रे. तुझ्या बारशाला तुकाबाईने घोंगडी दिली होती."

"तुम्ही ओळखता हो, बाबा. सिस्टीम ओळखत नाही. तो व्हेरिफाइड सोर्स नाहीये. मी शनिवारी येतो, मग बघू." मग थोडा मऊ होऊन म्हणाला, "जेवलात ना?"

शनिवारी कळप ताम्हिणीत असणार होता. शिवाय निरंजनचे शनिवार मला ठाऊक आहेत. दिवाळीनंतरचा पहिला शनिवार अजून यायचाय.

फोन माझ्या नावावर, माझ्या खिशात. त्यात काय असावं हे ठरवायला मात्र हिंजवडीच्या सातव्या मजल्यावरचा मुलगा, आणि त्याच्याही वर कुणीतरी कंपनी. कंपनीला तुकाबाई ठाऊक नाही हा दोष तुकाबाईचा. हे सगळं मला सुचलं, पण फोन ठेवल्यावर. मला नेहमी फोन ठेवल्यावरच सुचतं.

दोन दिवस एकाही शेतावर खूण झाली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी काठी घेऊन टेपावर गेलो. तुकाबाई घोड्यावर टाकायच्या गोण्या शिवत बसली होती. वैभवी पुस्तकं पत्र्याच्या ट्रंकेत ठेवत होती, कसर लागू नये म्हणून मधे मधे कडुलिंबाचा पाला घालत. पुस्तकं इतक्या निगुतीने ठेवणारा माणूस ती लवकर उघडणार नसतो. हे मला कळतं.

"माझा फोन कोरा करता येईल का?" मी विचारलं.

"येतो. पण आतलं सगळं जाईल. आणि तुमच्या मुलाला लगेच मेसेज जाईल."

आत वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकांच्या पानांचे फोटो होते. ते तिने तिच्या लॅपटॉपवर उतरवून घेतले. निरंजनला जाणारा मेसेज कुठे उतरवून ठेवता येणार नव्हता.

फोन कोरा झाला. पुन्हा नाव, पुन्हा जन्मसाल. सालांची रांग वरून सुरू होत होती. अंगठा खाली, खाली सरकवत राहिलो. निरंजनचं साल गेलं, माझ्या लग्नाचं गेलं, तेव्हा कुठे १९५१ आलं. मग वैभवीची फाइल. फोनने तीन वेळा धमकावलं. तिसऱ्यांदा विचारलं की नुकसान झाल्यास जबाबदारी तुमची, हे मान्य आहे का.

माझा अंगठा थांबला. ते सहा आकडे आठवले. आपल्याला नक्की काय कळतं? वैभवीने हातसुद्धा पुढे केला नाही.

"नरहरी," तुकाबाई दाभण खाली ठेवून म्हणाली, "तू दाबतूस का मी दाबू? मला तर वाचताबी येत न्हाई."

मी दाबलं. यादी उघडली. माझ्या पाणंदीकडच्या शेतावर खूण केली. दिवस मावळायच्या आत मेंढरं माझ्या बांधावरून आत उतरली.

सकाळी मी शेतात असतानाच निरंजनचा फोन आला.

"बाबा, तुमचं डिव्हाइस लिस्टमधून गेलंय! कुठे आहात तुम्ही?"

"शेतात."

"कोणाबरोबर? तुम्हाला कोणी काही करायला सांगतंय का?"

तेवढ्यात तुकाबाईने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"कोन, निरू का? मी अनोळखी बाई बोलतीया. तुझ्या बापानं सवताच्या शेतात मेंढरं बसवलीत. त्याला परवानगी कुनाची लागती ती सांग, जाऊन आणतो आमी."

पलीकडचा आवाज एकदम उतरला. मग, "...मावशी?"

"आजी म्हन. लोकांची वयं चुकवायची सवयच हाय तुला."

दहाच्या सुमारास वाल्मीक आला. शेतात उतरून त्याने लेंड्यांचा थर पायाने उकरून पाहिला, एक लेंडी बोटांत चुरडली, वास घेतला. "पोरी, आमच्यातबी टाक की," तो वैभवीला म्हणाला. त्याच्या फोननेही तीन वेळा धमकावलं. त्याने तीनही वेळा दाबलं. नजर मेंढरांवर, न वाचता.

"काय लिहिलं होतं रे?" मी विचारलं.

"कोनाला म्हायती. व्हय व्हय म्हनलं."

म्हणजे भीती अनोळखी वस्तूची नव्हतीच. फक्त पहिला नंबर कुणाला नको होता. संध्याकाळपर्यंत अकरा शेतांवर खुणा झाल्या, दुसऱ्या दिवशी बाणेरच्या दोन मालकांनीही केल्या. संक्रांतीपर्यंत कळप खोऱ्यातच फिरणार हे ठरलं. तुकाबाईने गोण्या उसवून पुन्हा अंथरायला काढल्या. वैभवी सकाळच्या एसटीने कॉलेजला गेली. पुस्तकांना कडुलिंबाचा वास येत असेल.

शनिवारी निरंजन खरोखरच आला. चेहरा ताणलेला, गाडीतून उतरतानाच, "द्या बघू फोन." तासभर त्याने तो आतबाहेर तपासला. काही सापडलं नाही, याचं त्याला थोडं वाईट वाटलेलं दिसलं. मग म्हणाला, "बरं, निदान पासवर्ड तरी सांगून ठेवा. काय ठेवलाय?"

पासवर्ड माझ्या वहीच्या पहिल्या पानावर, सुवाच्य अक्षरात लिहिलेला आहे. वही टेबलावर, माझ्या पुढ्यातच होती. मी चष्मा काढून तिच्यावर ठेवला आणि त्याला विचारलं, चहा घेणार का.