लाल चौकोन कोणी बंद केला?

मी एक जुना कंप्युटर आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगावर धड अशी जागा उरलेली नाही. डाव्या कुशीत बुटाच्या लाथेचा खड्डा आहे, वरच्या पत्र्यावर नट आवळायच्या पान्याचा घाव आहे, आणि पडदा तर फुटूनच गेला. जालना एमआयडीसीतल्या एका सळ्यांच्या मिलच्या फाटकाजवळ, भंगाराच्या ढिगावर मी पडून आहे. तुम्ही थांबलाच आहात तर माझी कहाणी ऐका. मार खाल्लेल्याची जीभ जरा तिखट असते, तेवढं सांभाळून घ्या.

माझी पहिली तीन वर्षं नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात गेली. काय तो थाट! अंगावर झाकण, समोर गार हवा, आणि खंडेनवमीला कपाळावर हळदीकुंकू. एका वर्षी गळ्यातल्या झेंडूच्या माळेचं पाणी माझ्या पोटात झिरपलं आणि मी दोन दिवस बंद पडलो. तरी मी रागावलो नाही. पुढे तिथे नवे कंप्युटर आले आणि माझी रवानगी या मिलमध्ये झाली.

इथे लाड कोण करणार? केबिनच्या काचेपलीकडे भट्टीतून लालबुंद लोखंड बाहेर यायचं. रोलांच्या जोड्यांमधून चेपत चेपत त्याची लांब सळी व्हायची. चिमटेवाले कामगार ती धरून पुढच्या रोलात घालायचे. लोखंड कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे इथल्या माणसांनाही थांबणं ठाऊक नव्हतं.

शिफ्टचे सुपरवायझर होते अंगदराव, वाटूरकडचे. मनानं वाईट नव्हते, पण त्यांचा हात आधी चालायचा आणि डोकं मागाहून. बाहेर सळ्या भरलेली गाडी उभी असताना माझ्याकडून पावती अडली की फाडकन कानफटात बसायची. “चल बे, जल्दी चल!” कधी लाथ, कधी पाना. एकदा उशीर झाला म्हणून टेम्पोवाल्यानं अंगदरावांचीच कॉलर धरली. दोघं गुद्दागुद्दी करत माझ्यावर कोसळले. अंगदरावांचा एक दात पडला, तो दुसऱ्या दिवशी माझ्या कीबोर्डात सापडला.

तेव्हा मी बिघडलो की शहरातून दुरुस्तीवाला यायचा, तोही दोन दिवसांनी. मग मागच्या वर्षी मिलच्या मोठ्या ऑफिसनं सगळ्या कंप्युटरांत कृत्रिम बुद्धीचा एक मदतनीस बसवला. आपली अडचण मराठीत लिहायची, तो उपाय सांगणार, आणि कर्मचाऱ्यानं तो स्वतःच करायचा; कंप्युटराच्या आतला बदल असला तर ‘हो’ म्हटल्यावर मदतनीसच करायचा. प्रिंटर रुसला, पासवर्ड विसरला, सगळ्यावर त्याच्याकडे औषध असायचं. शेवटी तो नम्रपणे विचारायचा, ‘अडचण सुटली का?’ खाली दोन बटणं असायची, ‘हो’ आणि ‘नाही’.

चार महिने मला कुणी हात लावला नाही. माझं कौतुकसुद्धा झालं. खोटं कशाला सांगू, मी तेव्हा जरा फुगलो होतो.

पण ‘नाही’ दाबलं की मदतनीस आणखी सहा प्रश्न विचारायचा आणि तक्रार थेट मोठ्या ऑफिसात जायची. ‘हो’ दाबलं की खिडकी गायब. मग काय, जो तो ‘हो’ दाबू लागला. त्यातून मदतनिसाला हुकूम द्यायची परवानगी फक्त अंगदरावांच्या नावाला होती. त्यांनी आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून माझ्या कपाळावर चिकटवून टाकला आणि म्हणाले, “कोणबी वापरा. माझ्या नावानं काम होतंय, तर होऊ द्या.”

मदतनिसाला फक्त नाव दिसायचं. मला मात्र बोटं कळायची. अंगदरावांचं बोट हातोडीसारखं पडायचं. पावत्या काढणाऱ्या भावनाताईंचं बोट हलकं होतं. त्या रोज सकाळी आपल्या रुमालानं मला पुसायच्या. त्यांच्या घरात नोकरीवर त्या एकट्याच होत्या, म्हणून कामात चूक होऊ नये याची त्यांना फार धास्ती असायची.

आता मूळ गोष्टीवर येतो. रोलांचा ताप मोजणारा एक प्रोग्रामही माझ्यातच होता. एखादा रोल फार तापला की माझ्या पडद्यावर लाल चौकोन यायचा. यंदाच्या उन्हाळ्यात तीन नंबरच्या रोलाचा लाल चौकोन वरचेवर येऊ लागला. तो आला की पावतीची खिडकी झाकली जायची. भावनाताईंनी अंगदरावांना दाखवलं.

“सर, पुन्हा आला.”

“अहो म्याडम, मिल चालू हाय, बिलकुल बराबर चालून राह्यली. ‘हो’ दाबा, अन् मोकळ्या व्हा!”

मग भावनाताईंनी मदतनिसाला लिहिलं, ‘लाल चौकोन मधे येतो. पावती निघत नाही.’ तो बिचारा कंप्युटरचा वैद्य. त्याला रोल म्हणजे काय, पाय म्हणजे काय, काय ठाऊक? त्यानं विचारलं, ‘चौकोन आठ तास बंद ठेवू का?’ हो. दुसऱ्या दिवशी चौकोन आला की पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा हो. मी लाल होऊन बोंबलत होतो आणि रोज कुणीतरी माझ्या तोंडात बोळा कोंबत होतं.

एका मंगळवारी दुपारी मदतनिसानं विचारलं, ‘आपण हे रोज करता. चौकोन कायमचा बंद ठेवू का?’ बाहेर तीन गाड्यांचे भोंगे वाजत होते. अंगदराव वजनकाट्यावर एका ड्रायव्हरशी शिव्यांनी भांडत होते. भावनाताईंचं बोट क्षणभर थांबलं आणि मग ‘हो’वर पडलं.

त्यानंतर अकराव्या दिवशी, सकाळी, तीन नंबरचा रोल तापून जागच्या जागी अडकला. मागून येणाऱ्या सळीला वाट मिळेना. ती तापलेल्या सापासारखी हवेत उसळली, छताच्या पत्र्यावर आपटली आणि खाली आली ती चिमटेवाल्या देवानंदांवर. उजव्या पायाला तिनं वेढाच घातला. पँट पेटली, बूट पेटला. ती किंकाळी ऐकून माझ्यातला पंखासुद्धा अडखळला. दोघांनी पाणी ओतलं, तिघांनी पहारीनं सळी ओढली आणि ओढताना त्यांचेही हात भाजले. देवानंदांचा गुडघ्याखालचा पाय डॉक्टरांना काढावा लागला.

तीन दिवसांनी मोठ्या ऑफिसचे साहेब चौकशीला आले. केबिनीत सगळे दाटीवाटीनं उभे होते. देवानंदांचा थोरला भाऊ वसंता भट्टीवर काम करायचा, तोही होता. साहेबांनी मदतनिसाला विचारलं, ‘तीन नंबरचा लाल चौकोन कोणी बंद केला?’

मदतनिसानं नाव लिहिलं, अंगदरावांचं. वर तारीख आणि वेळही दिली.

पुढचं फार लवकर घडलं. वसंतानं अंगदरावांना गळा धरून भिंतीवर आपटलं. “माह्या भावाचा पाय गेला, अंगद्या! अन् तू इथं उभा राहून गंमत पाहून राह्यला?” चार-पाच जण तुटून पडले. शर्ट फाटला, नाकातून रक्त आलं. अंगदराव कसेबसे सुटले, कोपऱ्यातली लोखंडी कांब त्यांच्या हाताला लागली, आणि ती त्यांनी माझ्यावर घातली.

“म्या न्हाई केलं! ह्ये डबडं खोटं बोलून राह्यलं!”

पहिल्या घावाला पडदा फुटला. दुसऱ्याला माझं पोट फाटलं. मला राग आला नाही, मित्रांनो. त्या मंगळवारच्या ‘हो’पुरतं तरी तो माणूस खरं बोलत होता. पण ते ठाऊक असणारे भावनाताई आणि मी दोघंच, आणि मी तर मुका.

वसंतानं त्यांच्या हातातली कांब हिसकली आणि त्यांच्याच डोक्यात घातली. अंगदराव गुडघ्यावर बसले. रक्त डोळ्यांत उतरलं. साहेब दाराबाहेर पळाले. वसंतानं कांब दुसऱ्यांदा उचलली. या वेळी तो जीव घेणार हे सगळ्यांना कळलं, तरी कुणी हललं नाही.

भावनाताई भिंतीला चिकटून उभ्या होत्या. गप्प राहिल्या असत्या तर त्यांना कुणी विचारलंही नसतं. नोकरी राहिली असती, घर चाललं असतं. फक्त एक माणूस मेला असता, दुसऱ्याच्या बोटापायी. त्या पुढे धावल्या आणि अंगदरावांच्या आडव्या उभ्या राहिल्या.

“वसंतादादा, त्यांनी न्हाई केलं! कायमचं बंद म्या केलं. नाव सरांचं होतं, बोट माझं होतं. मारायचं तर मला मारा.”

कांब हवेतच थांबली. खाली बसलेल्या अंगदरावांनी तोंडातलं रक्त थुंकलं आणि म्हणाले, “तिला म्याच सांगितल्तं. रोज सांगायचो.”

वसंता मोठ्यानं रडला आणि कांब त्यानं पूर्ण ताकदीनं माझ्यावर घातली. त्या घावानं मी संपलो. पण तो घाव माझ्यावर पडला याचं मला आजही समाधान आहे.

अंगदरावांच्या डोक्याला चौदा टाके पडले. भावनाताईंनी सगळं लेखी दिलं. दोघांचीही नोकरी गेली आणि मला इथे भंगारात आणून टाकलं.

काल भावनाताई आपलं ओळखपत्र परत द्यायला आल्या होत्या. फाटकापाशी त्यांना देवानंद भेटले, दोन काखांत दोन कुबड्या. ताईंनी हात जोडले. “जयभीम, दादा,” एवढंच म्हणाल्या आणि रडू लागल्या.

देवानंदांनी एक कुबडी फाटकाला टेकवली.

“ताई, रडू नका. तुम्ही जेवायला गेल्त्या, तवा दोन डाव म्याच ते ‘हो’ दाबलं. पाणी प्यायला आल्तो केबिनीत. टेम्पोवाला बोंबलून राह्यल्ता. मला वाटलं, पावतीचं काही असंल. माह्याच रोलाचं होतं, ताई. म्या वाचलंच न्हाई.”

मित्रांनो, ते बोटही मला ओळखू आलं होतं. चिमटा धरून धरून दगड झालेलं बोट. इतका वेळ मी तुम्हालासुद्धा सांगितलं नाही, कारण पाय गमावलेल्या माणसाचं नाव घ्यायला माझी जीभ रेटेना.

आता माझा पत्रा शेजारच्या भट्टीत जाईल. जाण्याआधी एकच विनवणी करतो. तुमच्याही घरात, शाळेत असे मदतनीस येतील, आलेही असतील. त्यांना वापरा, पण समोर आलेलं आधी वाचा. दुसऱ्याच्या नावानं हुकूम देऊ नका. आणि त्यानं ‘अडचण सुटली का?’ असं विचारलं, अन् ती सुटलेली नसेल, तर ‘नाही’ म्हणा. त्या सहा प्रश्नांची उत्तरं द्यायला पाच मिनिटं लागतात. देवानंदांना आता फाटकापासून रस्त्यापर्यंत जायलाच तेवढी लागतात.