गोजराबाईची लाल गाडी

वाशिमकडच्या मालेगावच्या नाक्यावर शिपायानं गाडी अडवली आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

जगदेव विलायतेत शेतकी शिकून परत आला, तो एक लाल, बसकी, दोनच माणसांपुरती शर्यतीची मोटार घेऊन. तिथं कुणीतरी चार वर्षं पळवलेली ती गाडी बोटीनं मुंबईला उतरली आणि तिथून आगगाडीनं अकोल्याला आली. घरी दाखवायची एवढी घाई, की नोंदणी न करताच तो ती थेट गावाकडं घेऊन निघाला. पण मागच्या पाटीवर विलायतेचाच नंबर. शिपाई म्हणाला, "हा नंबर इथं चालाचा नाई. अकोल्याच्या कचेरीतून इकडचा घेऊन या. मंगच रस्त्यावर काढा."

घरी ओसरीवर त्याचे थोरले भाऊ उकंडराव बसले होते. आई गेल्यावर जगदेवाला त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, गोजराबाईनं वाढवलं होतं. जगदेव म्हणाला, "दादा, गाडी तुमच्या नावानं करतो."

"माह्यं नाव त्या लाल डब्ब्याले लागाचं नाई," उकंडराव कडाडले. "बैलं बुजून राह्यले, कोंबड्या उडून राह्यल्या. कायले आणली ते?"

"मंग वैनीच्या नावानं करतो."

"कर!" उकंडराव म्हणाले आणि पानाचा डबा ओढून बसले. हा पोरगा खरंच करील, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

चुलीपाशी बसलेल्या गोजराबाईला हसू फुटलं. लग्न होऊन आल्यापासून घर, गोठा, शेत सगळं तिनं सांभाळलं, पण तिच्या नावाचं असं त्यात काहीच नव्हतं. तिला त्याची खंतही नव्हती. मात्र "वैनीच्या नावानं" हे दोन शब्द दिवसभर तिच्या मनात घोळत राहिले.

कचेरीत मालकाला स्वतः यावं लागतं, असं कळलं. निघायच्या सकाळी उकंडरावांनीच घडी घातलेली घोंगडी आणून गोजराबाईच्या जागेवर टाकली. "लई खाली बसा लागते त्याच्यात. कंबर धरीन तुही," एवढंच बोलून ते गोठ्याकडं वळले.

अकोल्याच्या वाटेवर मेडशी मागं पडल्यावर घाट सुरू झाला. अर्ध्या चढावर गाडीच्या तोंडातून वाफ निघू लागली. जगदेवानं गाडी थांबवली, तर ती हळूहळू मागं सरकायला लागली. हातानं ओढायचा ब्रेक ढिला झाला होता.

"वैनी, इकडं ये. माह्या जागी बस. हे पायाखालचं दाबून धर. मी नाल्यातून पाणी आणतो."

"आन सुटलं तं?"

"सुटणार नाई. तुह्या हातचं कधी काही सुटलं काय?"

गोजराबाईनं लुगडं आवरून घेतलं, अनवाणी पाय त्या लोखंडी पट्टीवर रोवला आणि जगदेव उतारानं दिसेनासा झाला. गाडी थरथरली, थांबली. पाय आधी दुखला, मग बधिर झाला. समोर चाक होतं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं. कापसाचा एक गाडीवान खालून आला आणि बैल थांबवून बघतच राहिला.

"बाई, कोणाची मोटार म्हणावं हे?"

"माही," ती म्हणाली आणि आपल्याच आवाजाचं तिला नवल वाटलं. "तू जराक बाजूनं जाय भाऊ. मले पाय काढता येत नाई."

गाडीवान उतरला, रस्त्याकडचा मोठा धोंडा आणून त्यानं मागच्या चाकाखाली सरकवला आणि हसत निघून गेला. तरी जगदेव पाणी घेऊन परत येईपर्यंत तिनं पाय काही उचलला नाही.

अकोल्याच्या कचेरीच्या आवारात गाड्या तपासणाऱ्या साहेबांनी गाडीभोवती चक्कर मारली. बाबूलाल कारकून टेबलावरून म्हणाला, "मालक कोण?"

गोजराबाई पदर सावरत म्हणाली, "मालक घरी हायेत. गोठ्यात."

बाबूलाल गोंधळला. जगदेव हसू दाबत म्हणाला, "वैनी, गाडीचा मालक विचारून राह्यले."

"अस्सं! मंग मीच."

"नाव सांगा, बाई."

तिनं सांगितलं. एवढ्या पुरुषांत आपलं नाव तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं. साहेबांनी दिवे पाहिले, भोंगा वाजवला आणि मग हातब्रेक ओढला. तो लगेच सैल पडला.

"हा ब्रेक असा? मग घाटात गाडी धरली कशी?"

"म्या धरली होती," गोजराबाई म्हणाली. "पायानं."

साहेब खळखळून हसले. पण नियम नियमच. दर घाटात तुम्ही सोबत असणार नाही, ब्रेक दुरुस्त करून आणा, म्हणाले. जगदेवानं बाजारातल्या मिस्त्रीकडून तार बदलून घेतली. कचेरी बंद व्हायच्या आत साहेबांनी गाडी पुन्हा तपासली आणि नंबर मिळाला. रंगाऱ्यानं पाटीवर पांढरे आकडे काढले. ते वाळेपर्यंत गोजराबाई तिथून हलली नाही.

पुढं जगदेवाला नागपूरला नोकरी लागली. गाडी त्यानं घरीच ठेवली. "ज्याची हाये त्याच्यापाशी राहू दे," म्हणाला. जायच्या आधी खळ्यात फेऱ्या मारून त्यानं वहिनीला गाडी शिकवली होती. उकंडराव दुरून बघायचे आणि तिनं बघितलं की कडबा मोजल्यासारखं करायचे.

एके दिवशी इंझोरीहून निरोप आला. गोजराबाईच्या भावाला मुलगा झाला होता. ती चाकामागं बसली. उकंडराव उंबऱ्यात घुटमळले.

"दुसरी जागा रिकामीच हाये काय?"

"हाये नं. या."

ते बसले. दोन्ही हातांनी दार घट्ट धरून. पहिल्या वळणापर्यंत "हळू, हळू" एवढंच म्हणत होते. मग रस्त्यात बैलगाड्यांची रांग लागली आणि उकंडराव अर्धे उभे राहिले, पागोटं सावरलं आणि साऱ्या रानाला ऐकू जाईल असे ओरडले, "सरका बे बाजूले! माही बायको येऊन राह्यली!"